फ्लेक्सवरचं विमान

इबा गावात एक गोष्ट पक्की मानली जाते. लुमिंग फारीनने दोनशे माणसांनी भरलेलं विमान भर वादळात एका हाताने उतरवलं, आणि तिच्या दुसऱ्या हातात जपमाळ होती. काही जण जपमाळेऐवजी कॉफीचा कप सांगतात. मासळीबाजारातल्या बायकांचं म्हणणं, मुख्य पायलट शिळी कोळंबी खाऊन संडासात अडकला होता म्हणून तिच्यावर ही पाळी आली. कोळंबी कुणाच्या टोपलीतली होती, यावरून बाजारात आजही दोन तट आहेत.

खरी गोष्ट अशी की लुमिंगने आजवर जे विमान उडवलं त्यात दोन माणसं बसतात, आणि दुसरा माणूस अंगाने भरलेला असला तर पेट्रोल कमी घालावं लागतं. त्याला नाकावर एकच पंखा. दार एकदा लावून बंद होत नाही, पुन्हा आपटावं लागतं. समुद्राकाठच्या धावपट्टीवरच्या शाळेत ती शिकली आणि छोट्या विमानाचा परवाना मिळवला. वादळाचं म्हणाल तर डोंगरावर एक काळा ढग दिसला की तिचे मास्तर खुर्ची ओढून बसायचे आणि कॉफी मागवायचे. त्या दिवशी मग उडणं नाही, नुसत्या गप्पा.

तर मग दोनशे माणसांचं विमान आलं कुठून? ते आलं फ्लेक्सवरून.

आमच्याकडे कुणी नर्सिंगची, मास्तरकीची, अगदी जहाजावर स्वयंपाकी व्हायची परीक्षा पास झालं तरी रस्त्यावर फ्लेक्स लागतो. लावतो गावचा मुखिया. त्याला सगळे काप म्हणतात. फ्लेक्सवर पास झालेल्याचा फोटो लहान आणि कापचा मोठा, हा रिवाज. लुमिंगचा परवाना आला तेव्हा काप इमोने ओलोंगापोच्या छापखान्यात फोन लावला. काप इमो सरळ वाक्य बोलूच शकत नाही, आधी पायरी बांधतो आणि मग चढतो.

"म्हणजे कसं, की आमची पोरगी पायलट झालीये. म्हणजे कसं, की मागे विमान टाक."

"कसलं विमान टाकू, काप?"

"म्हणजे कसं, की चांगलं टाक."

छापखान्यातल्या माणसाने त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं विमान टाकलं. दुमजली, चार इंजिनांचं, ढगांतून वर निघालेलं. त्यावर लिहिलं, 'इब्याची शान, कॅप्टन इलुमिनाडा फारीन.' लुमिंगचा चेहरा शेपटीजवळ होता. काप इमो एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत हसत होता.

लुमिंग त्याच दिवशी त्याच्याकडे गेली. "काप, मी कॅप्टन नाहीये. आणि हे विमान मी जवळून बघितलंसुद्धा नाही."

"म्हणजे कसं, की होशील ना कधीतरी."

"मग तेव्हा लावा."

"तेव्हा मी काप असेन की नाही कुणास ठाऊक," काप म्हणाला, आणि एवढं एक वाक्य मात्र तो पायरीशिवाय बोलला.

फ्लेक्स राहिला. आठवड्याभरात तिघींनी आपापल्या बाळाची धर्ममाता हो म्हणून लुमिंगला गळ घातली. ती प्रत्येकीला सांगायची की बाई, माझं विमान तुझ्या नवऱ्याच्या ट्रायसिकल रिक्षापेक्षा थोडंसंच मोठं आहे. बायका कौतुकाने एकमेकींकडे बघायच्या. किती मोठी झाली आणि बोलते बघा कशी. लुमिंगच्या लक्षात आलं की आपण जितकं नाही म्हणू तितकं आपलं विमान फुगत जातं. मग तिने बोलणंच कमी केलं, आणि गावाने त्याला कॅप्टनचा रुबाब म्हटलं.

हे सगळं चालूनही गेलं असतं. पण त्यात तिची आई होती.

नानाय सेली, नानाय म्हणजे आई, चर्चच्या दाराशी बिबिंगका विकते. खाली निखारे, वर निखारे, मधे तांदळाची पोळी, आणि तोंड सतत चालू. नवरा मालवाहू जहाजावर असतो, त्यामुळे घरातलं बोलणं तीच दोघांच्या वाटचं बोलते. लुमिंग चार वर्षांची असताना डेंग्यूने पार हातची गेली होती. तेव्हा नानाय सेलीने नवस बोलला होता की पोर वाचली तर सेबूला जाऊन बाळ येशूच्या पायाशी नाचेन. पोर वाचली. नवस राहिला. एकदा ती मनिलाहून बोटीने निघाली, तर वादळाचा इशारा आला आणि बोट अर्ध्यातून परत फिरली. नानायने त्याचा अर्थ असा काढला की बाळ येशूला तिने पाण्यावरून आलेलं नको आहे. उरलं आकाश. आणि विमानात तर ती मेली तरी बसणार नव्हती.

फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी ती त्याच्याखाली बराच वेळ उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, "आता कळलं वीस वर्षं का थांबवलं मला. माझ्याच पोरीच्या विमानातून जायचं होतं."

लुमिंगने सांगितलं. एकदा नाही, पुष्कळदा. नानाय निखारे सारखे करत म्हणायची, "हो गं बाई, तुला काही येत नाही. तुझ्या बापालाही काही येत नाही, तरी जहाज चाललंय ना?"

मग बेर्तो टिटोने, म्हणजे नानायच्या धाकट्या भावाने, सवलतीची तिकिटं काढून टाकली. जानेवारीतली, बाळ येशूच्या उत्सवाची. नानाय, टिटो आणि लुमिंग. डिसेंबर उजाडला तरी नानायची समजूत तीच होती, की दोन तिकिटं बसणाऱ्यांची आणि तिसरं चालवणारीचं.

एका रविवारी जेवणावर हा विषय फुटला. बेर्तो टिटो जीपनी, म्हणजे लांबुळकी प्रवासी जीप, चालवतो. जगातली प्रत्येक गोष्ट त्याने एकदा करून बघितलेली असते.

"मी सांगतो ऐक," तो तळलेल्या सुक्या मासळीचं डोकं मोडत म्हणाला. नानाय तेव्हा अंगणात होती. "पांढरा सदरा घाल. खांद्यावर त्या पट्ट्या लाव. दारापर्यंत आईच्या पुढे चाल. आत शिरलीस की सरळ पुढे जा. पुढे संडास असतो. आई जागेवर बसेपर्यंत तिथे थांब, मग पहिल्या रांगेत बसून घे. तिला काय दिसणार मागून? नवस फिटला, विषय संपला."

"आणि मधेच उठून माझ्याकडे आली तर?"

"ती उठतेय? मी सांगतो, ती डोळेसुद्धा उघडणार नाही."

"टिटो, आईला फसवून देवाकडे न्यायचं?"

"देवाला काय, तो फ्लेक्स वाचत नाही." टिटोने काटा दातातून काढला. "आणि मला सांग, फसवणूक कसली त्यात? एक उडवता येतं त्याला दुसरं येतंच. थोडं मोठं असतं, एवढंच. मी ट्रायसिकलवर शिकलो आणि दुसऱ्याच दिवशी जीपनी घेऊन निघालो की नाही?"

"निघालात," लुमिंग म्हणाली. "आणि थांबलात कुठे?"

टिटोने दुसरी मासळी उचलली. त्याची जीपनी त्या दिवशी प्रार्थनाघराच्या भिंतीत थांबली होती, आणि भिंतीला दुसऱ्या रंगाच्या विटा अजून आहेत.

"ती भिंत पुढे आलेली होती," तो शेवटी म्हणाला.

जेवायला लुमिंगची मावसबहीण जिंगही होती. जिंग म्हणजे हे लिहिणारी. वय पंधरा, आणि गावातल्या कुणाचीही नक्कल हातखंडा. तिने लगेच भिंतीची नक्कल केली, म्हणजे कंबरेवर हात ठेवून पाऊल पाऊल पुढे आली, आणि लुमिंगच्या नाकातून भात बाहेर आला. मग जिंगने मुद्द्याचं सांगितलं. क्लार्कजवळ एका मॉलच्या मागे एक जागा निघालीये. तिथे मोठ्या विमानाची पुढची खोली बनवून ठेवलीये. खरी बटणं, खऱ्या खुर्च्या, समोर पडद्यावर धावपट्टी. कुणीही जाऊन चालवून बघावं. "आमच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलाने उतरवलं तिथे विमान. त्याला सायकल नीट येत नाही. तू डोळे मिटून उतरवशील, आते."

मावसबहीण असून जिंग तिला आते म्हणते, कारण आमच्याकडे मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात.

"नाही उतरवणार," लुमिंग म्हणाली.

"लाव शर्यत."

"लाव."

"मी जिंकले तर जत्रेत कापच्या स्टेजवर टोपी घालून उभं राहायचं आणि 'मी कॅप्टन इलुमिनाडा' म्हणायचं. फ्लेक्समधल्यासारखं हसून."

"आणि हरलीस तर?"

"सांग."

"तर आंब्याच्या जत्रेपर्यंत कुणाचीही नक्कल नाही. कापची नाही, फादरची नाही, माझ्या आईची तर नाहीच."

जिंगने हात पुढे केला. टिटो म्हणाला की जगात स्वतःच्या विरुद्ध शर्यत लावणारी पहिलीच बाई बघतोय, आणि त्याने जिंगच्या बाजूने कोंबडीच्या सुपाचा एक वाडगा लावला. लुमिंगच्या मनात मात्र शर्यत नव्हती. तिच्या मनात होतं की आईला कानाने कळत नाही, डोळ्याने तरी कळेल.

सगळे टिटोच्या जीपनीतून गेले. नानायने चर्चला जायचा झगा घातला होता आणि वाटेसाठी बिबिंगकाची चळत घेतली होती. ओलोंगापोपर्यंत ती प्रत्येक चढणाऱ्या प्रवाशाला सांगत होती की मुलीचं मोठं विमान बघायला चाललोय.

तिथला माणूस टाय लावलेला होता आणि त्याचं प्रत्येक वाक्य मॅडममध्ये सुरू होऊन मॅडममध्ये संपायचं. "मॅडम, रिलॅक्स, मॅडम. मॅडम, कुठे उतरायचंय, मॅडम?"

"सेबूलाच टाका," टिटो मागून म्हणाला. "तिकडचंच तिकीट आहे."

नानायला मागच्या खुर्चीवर बसवून पट्टा लावला. तिने आधी पट्ट्याला आणि मग बटणांच्या भिंतीला क्रूस काढला. लुमिंग डावीकडे बसली. टायवाला उजवीकडे बसला.

आता शाळेतली एक सवय सांगितली पाहिजे. छोट्या विमानात दोघांच्या समोर एकेक चाक असतं. म्हणून विमान या हातातून त्या हातात जाताना मोठ्याने बोलायचं असतं. मास्तर म्हणतात, "विमान माझ्याकडे." शिकणारा म्हणतो, "विमान तुमच्याकडे." तोंडाने बोलल्याशिवाय दिलं नाही आणि घेतलंही नाही. लुमिंगच्या मास्तरांना या बाबतीत दयामाया नव्हती. एकदा ती बोलायला विसरली, तर खाली उतरल्यावर त्यांनी तिला दिवसभर कॉफीचा कपही न बोलता घेऊ दिला नाही. "कप माझ्याकडे." "कप तुमच्याकडे."

विमान सुटलं. लुमिंगने ते उचललं, सरळ धरलं, वळवलं. हे तिला येत होतं. आकाशात नाक कुठे ठेवायचं ते लहान-मोठ्या विमानात फारसं बदलत नाही. मग समोर सेबू आलं, खाडीपलीकडे धावपट्टीचे दिवे लागले, आणि इथे चाकाऐवजी होतं ते हातातलं दांडकं तिला जरासं हलकं वाटलं. तिने डावीकडे दाबलं तरी विमान आपल्याच मताने सरळ राहिलं. इंजिनांचा आवाज तिने न सांगता कमी झाला. चाकं टेकली ती लोण्यात सुरी जावी तशी.

मागे एकदम गलका झाला. टिटोने छताला हात लावला. जिंगने दोन्ही मुठी वर केल्या आणि टोपी आणायला कुणाला पाठवायचं ते विचारायला लागली. नानाय रडत नव्हती, हसतही नव्हती. ती फक्त म्हणाली, "मी म्हटलं होतं की नाही? म्हणे, येत नाही."

लुमिंग हात मांडीवर ठेवून बसली. आत्ता गप्प राहिलं तर सगळं जमत होतं. आई आनंदाने विमानात बसेल, टिटोच्या संडासाची गरज पडेल न पडेल, नवस फिटेल, आणि कुणाचंही काही बिघडणार नाही. शर्यत हरून एक दिवस टोपी घालावी लागेल, एवढंच.

ती टायवाल्याकडे वळली. "विमान कोणाकडे होतं?"

"मॅडम?"

"उतरताना. विमान कोणाकडे होतं?"

टायवाल्याने मागे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, आम्ही मदत चालू ठेवतो, मॅडम. गिऱ्हाईक वाढदिवसाला येतात. आपटलं तर मूड जातो, मॅडम."

"दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलालाही?"

"सगळ्यांनाच, मॅडम."

"मग ती बंद करा. सगळी. आणि तुम्ही हात मांडीवर ठेवा." मग ती मागे वळून म्हणाली, "नानाय, मघाशी विमान यंत्राकडे होतं. आता बघ. आता माझ्याकडे आहे."

या वेळीही तिने ते उचललं, सरळ धरलं, वळवलं. जिंग मागून कुजबुजून हिशेब करत होती की अर्धी शर्यत तर जिंकलीच. सेबू आलं. पण छोटं विमान ज्या वेगात जमिनीवर येतं त्याच्या दुपटीने हे येत होतं, आणि तिच्या लक्षात आलं तोवर ती उंच राहिली होती. तिने इंजिनं मंद केली आणि नाक खाली घातलं. विमान खाली गेलं, पण थोडं थांबून, आणि एकदा जायला लागलं ते जातच राहिलं. बांका, म्हणजे छोटी होडी, वळवली की वळते; जहाजाला आधी दोन गावं अलीकडे सांगून ठेवावं लागतं, असं तिचा बाप म्हणायचा. धावपट्टी अजून पुढे होती आणि खाली खाडी. तिने इंजिनाचे दांडे पूर्ण पुढे ढकलले. छोट्या विमानात ढकललं की पंखा तिथल्या तिथे ओरडतो. इथे काहीच झालं नाही. इंजिनं जांभई देऊन उठल्यासारखी हळूहळू जागी व्हायला लागली, आणि ती पुरती जागी झाली तेव्हा पडद्यावर चिखलाचं पाणी होतं.

खोली एकदा हादरली आणि थांबली. टायवाला सवयीने म्हणाला, "मॅडम, छान प्रयत्न, मॅडम."

नानायने पट्टा सोडला नव्हता. "आत किती माणसं होती?"

"असतात दीडशे-पावणेदोनशे."

"आणि मी?"

"तूही."

नानायने त्या गढूळ पडद्याकडे बोट दाखवलं. "आणि खऱ्या विमानात पुढे बसतात त्यांना हे येतं?"

"येतं. दोघं असतात. दोघांनाही येतं. याच विमानावर वेगळं शिकलेले असतात, आणि नंतरही त्यांना अशाच खोलीत परत परत बसवतात. मुद्दाम इंजिन बंद पाडतात, आग लावतात आणि बघत बसतात काय करतात ते."

"आणि चिखलात घातलं तर?"

"तर शिकेपर्यंत घरी बसवतात."

"आते सेली, आता रद्द करायची का तिकिटं?" टिटोने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"का?" नानाय म्हणाली. "मला आजवर वाटायचं, पुढे कुणी तरी तुझ्यासारखाच बसत असेल, भिंत पुढे आली म्हणणारा. परीक्षा घेतात हे कुणी सांगितलं होतं मला?" मग ती लुमिंगकडे वळली. "तू माझ्या शेजारी बसायचं. त्या दारापलीकडे पाऊल टाकलंस तर मी उतरून घरी येईन."

लुमिंग म्हणाली, "कधीपासून तेच सांगतेय."

"सांगत होतीस. बुडवून कुठे दाखवलं होतंस?"

बाहेर येऊन सगळ्यांनी मॉलच्या पायऱ्यांवर गार बिबिंगका खाल्ली. टायवाल्यालाही एक दिली. तो म्हणाला, मॅडम, मस्त, मॅडम.

जानेवारीत ती तिघं सेबूला गेली. विमान सुटल्यावर खालून धाडकन आवाज आला आणि नानायची नखं लुमिंगच्या मनगटात रुतली.

"चाकं आत घेतली," लुमिंग म्हणाली.

"कोणी?"

"विमान त्यांच्याकडे आहे, नानाय."

पुढे पंखातून करकर झाली, मग इंजिनांचा आवाज पडला, मग आपण थांबलोच की काय असं वाटलं. प्रत्येक वेळी लुमिंगने काय झालं ते सांगितलं. एवढं तिला पुरेपूर येत होतं. निम्म्या वाटेवर नानायने मनगट सोडलं आणि पलीकडच्या रांगेतल्या घाबरलेल्या बाईला समजवायला लागली की काही नाही हो, चाकं आहेत ती. बेर्तो टिटोने मात्र सेबू येईपर्यंत डोळे उघडले नाहीत. उत्सवात नानाय दुपारभर नाचली, नवसाचं वीस वर्षांचं व्याज चुकवल्यासारखी, आणि रात्री पाय सुजले म्हणून बाळ येशूला दोन शब्द सुनावले.

लुमिंग आता त्याच शाळेत नव्या मुलांना छोटं विमान शिकवायच्या परीक्षेला बसणार आहे. मोठ्या विमानाचं विचारलं तर म्हणते, बघू, ते वेगळं शिकावं लागतं. लोक अजूनही एकमेकांकडे कौतुकाने बघतात. फ्लेक्स मात्र नानायने उतरवला. कापड चांगलं जाड निघालं, म्हणून तो डुकरांच्या गोठ्यावर घातलाय. उन्हाच्या वेळी चार इंजिनांच्या सावलीत डुकरीण झोपते आणि फ्लेक्सवरचा काप इमो तिच्याकडे बघून पंखापासून पंखापर्यंत हसतो.

शर्यतीचा निकाल लागायचा राहिलाच होता. जिंगने भांडून बघितलं की पहिल्या वेळी उतरलं होतं. लुमिंग म्हणाली, शर्यत मी उतरवायची होती, यंत्राने नाही. बेर्तो टिटोने कोंबडीचं सूप मुकाट्याने पाजलं, म्हणजे हार मानली, आणि जिंगच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही. आंब्याची जत्रा एप्रिलात. तोवर काप इमो रोज सकाळी दारावरून जातो, थांबतो, घसा खाकरतो, म्हणतो, "म्हणजे कसं, की जिंग, हल्ली तू फार गप्प असतेस," आणि ही लिहिणारी ओठ मिटून मान डोलावते.